सांदवाडीत खत टाकण्याआधी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आईचा फोन आला, म्हणे बाबा गोठ्यातलं शेण सरळ घरालगतच्या सांदवाडीत, भाजीच्या जागेत, टाकायला निघालेत. बाबा, दोन दिवस थांबा.

त्या जागेत घर बांधताना मुरूम, चुरी, विटांचे तुकडे सगळं पडलं आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दबलं. अंबाडीसुद्धा वीतभर होऊन पिवळी पडते म्हणजे मातीत काहीच उरलेलं नाही. खत हवंच, पण ताजं शेण नको. उकंड्याचा तळचा थर काढा. काळं, भुसभुशीत, शेणाचा वास नाही, आत हात घातला तर ऊब लागत नाही, ते मुरलेलं. सोयाबीनच्या कुटाराची काडी ओळखू येत असेल तर ते राहू द्या. अर्धकच्चं खत कुजताना रोपांच्या वाटचं नत्र ओढून घेतं, वर हुमणीच्या अळ्यांना आणि उधई-वाळवीला आवतण.

चौरस फुटाला साधारण अर्धा किलो पुरे. टाकल्या दिवशीच वीतभर खोल मिसळून घ्या, वर हलकं पाणी मारा. मे महिन्याच्या उन्हात नुसतं पसरून ठेवलं तर बरंचसं नत्र हवेत जातं. मृगाच्या पंधरा-वीस दिवस आधी हे उरकलेलं बरं. तळ्याचा गाळ बंडीभर मिळाला तर तोही घाला, मुरमात पाणी टिकेल. आई, पहिल्याच वर्षी वांग्यांनी झाड वाकेल असं समजू नकोस. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. दरवर्षी टाकत राहावं लागेल.

पुढल्या साली काडीकचऱ्याचं खत करायला नाडेपचं टाकं बांधू. पुसदच्या पांढरीपांडे काकांची ही पद्धत, आपल्याच जिल्ह्यातली, आणि आपण कपाशीच्या पऱ्हाट्या धुऱ्यावर जाळतो! दहा बाय सहा, तीन फूट उंच, विटांत हवेसाठी भोकं. शंभरेक किलो शेणात बाकी सगळा काडीकचरा आणि माती. तीन-चार महिन्यांत खत तयार.

खोदकाम गड्याकडूनच, तेही ऊन चढायच्या आत. मजुरी मी पाठवते. आई, बाबांनी कुदळ हातात घेतली तर लगेच मला फोन कर.

वांगी आणि मिरची खत घातलेल्या वाफ्यात, चवळी-गवार कुंपणाकडे. त्यांचं थोडक्यात भागतं. बियाणं मी येताना आणते. वांगी भरताची हवीत की भाजीची, तेवढं कळवा.

तुमची,
ताई