चूक कधी कळली, रुग्णाला कधी कळवली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फार्मासिस्टवर गैरवर्तनाचा ठपका, परवाना निलंबित, अशी बातमी आली की लोक मथळा वाचून पान उलटतात. मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तीस-बत्तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून काढली आहेत. त्या बातमीत मला एकच गोष्ट हवी असते आणि तीच बहुधा छापलेली नसते: चूक लक्षात आल्यावर त्या माणसानं पुढे काय केलं?

माझंच सांगतो. संधिवाताच्या एका बाईंना मेथोट्रेक्सेट देताना पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ऐवजी मी ‘रोज एक’ लिहिलं. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावूही शकतो. संध्याकाळी चिठ्ठ्यांची नोंद करताना हात थांबला. फोन केला तेव्हा सुदैवानं एकच गोळी पोटात गेली होती. डॉक्टरांना कळवलं आणि झालेली चूक वहीत लिहून ठेवली. मालक म्हणाले, “फोन केलात तो केलात, पण वहीत कशाला लिहिलंत? उद्या सुनावणी लागली तर तुमचंच अक्षर तुमच्यावर उलटेल.” माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. आणि ती भीती अगदीच खोटी आहे, असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

ब्रिटनमधलं एक प्रकरण या धंद्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. 2007 साली तिथल्या एका फार्मासिस्ट बाईंच्या हातून प्रेडनिसोलोनच्या जागी प्रोप्रानोलॉल गेलं. एक स्टेरॉइड, दुसरं रक्तदाबाचं. 2009 मध्ये त्यांना तीन महिन्यांची कैद झाली, स्थगित असली तरी कैदच. पुढल्या वर्षी अपील न्यायालयानं ती रद्द करून 300 पौंड दंडावर आणली, पण व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. चूक कबूल करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं. 2018 मध्ये तिथला कायदा बदलला. नकळत झालेल्या चुकीसाठी फौजदारी खटल्यात बचावाची सोय झाली, मात्र त्यात एक अट आहे: चूक समजल्यावर रुग्णाला लगेच कळवण्याची खटपट केलेली असली पाहिजे. परवान्याची सुनावणी ही वेगळी गोष्ट, हे मला कळतं. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असायला नको का?

अमेरिकेत ओहायो राज्यात 2006 साली दोन वर्षांची एक मुलगी गेली. केमोथेरपीचं द्रावण तंत्रज्ञानं तयार केलं होतं आणि त्यात मिठाचं प्रमाण एक टक्क्याच्या आत असायला हवं, तिथे 23.4 टक्क्यांचं द्रावण वापरलं गेलं. तपासून सही करणाऱ्या फार्मासिस्टचा परवाना गेला, 2009 मध्ये त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवासही झाला. त्या दिवशी संगणक बंद पडला होता, हाताखाली माणसं कमी होती. यानं त्याची सही पुसली जात नाही, आणि त्या आईबापांसमोर उभं राहून मीही हे बोलू धजणार नाही. पण संगणक बंद असताना काम तसंच रेटायचं कुणी ठरवलं, हे सुनावणीत विचारलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी दुसरा कुणी तेच करत असतो.

याच्या शेजारी अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटीतला एक फार्मासिस्ट ठेवून पाहा. कर्करोगाची औषधं पाणी घालून पातळ करायची आणि पैसे पुऱ्या मात्रेचे घ्यायचे, हा त्याचा उद्योग. 2001 मध्ये पकडला गेला, 30 वर्षांची शिक्षा झाली. चिठ्ठीशिवाय नशेच्या गोळ्या मागच्या दारानं काढणारे, तपासणी येणार म्हटल्यावर रातोरात नोंदवह्या नव्यानं लिहिणारे, हे सगळे त्याचेच भाऊबंद. यांचं नाव नोंदणीतून कायमचं कापलं तरी मला हळहळ वाटणार नाही. पण हा आणि गर्दीच्या वेळी चुकीची पट्टी उचलणारा, दोघांसाठी ‘गैरवर्तन’ हा एकच शब्द वापरला की ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. फावतं ते लपवणाऱ्याचं, कारण कबूल करणाऱ्याची वही पुरावा म्हणून समोर असते आणि याची कोरी.

ब्रिटनच्या फार्मसी परिषदेच्या मुख्य सुनावण्या साधारणपणे लोकांसमोर होतात आणि निकाल कारणांसकट प्रसिद्ध होतात. असे निकाल वाचताना इतर फार्मासिस्टना आपलं काउंटर दिसतं. ‘दोषी, सहा महिने निलंबित’ एवढ्या ओळीतून कुणी काय शिकणार?

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशा निकालाची बातमी द्याल तेव्हा दोन तारखा शोधून छापा: चूक फार्मासिस्टला कळली ती, आणि त्यानं रुग्णाला कळवली ती. दुसरी तारीख सापडलीच नाही, तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट