वळिवडे स्टेशनाच्या भिंतीवर पहिला दिवस रंगवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पोलंडमधल्या वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुले वाहिली, तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांचा ऊर भरून आला. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरने पोलिश निर्वासितांना आसरा दिला, त्याची ती आठवण. इथेही महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. त्यातून कृतज्ञता कळते. पण आलेल्या माणसांना गाडीतून उतरताच काय दिसले, कोण भेटले, हे तिथे कळत नाही.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलेली ही माणसे इराणमार्गे इथे पोचली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. ती गेली आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. वस्तीचे नाव झाले गांधीनगर. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते हेच.

गेल्या दिवाळीत तिथल्या एका दुकानात गादीवर बसलेल्या सिंधी आजोबांना मी विचारले, "आला तो दिवस आठवतो का?" वय ऐंशीच्या पुढे, बोली अस्सल कोल्हापुरी. म्हणाले, "खोलीच्या दाराला कडी हुती. आईनं पयल्यांदा ती लावली, काढली, परत लावली. लई दिवसांनी आमाला दार मिळालं हुतं." मग वळिवड्यातली एक बाई बुट्टीत भाकरी आणि खर्डा घेऊन आली. खर्ड्याने तेव्हाचे हे पोर रडायला लागले, तशी ती बाई घाबरून घराकडे पळाली आणि गुळाचा खडा घेऊन आली. तिचे नाव त्यांना कधीच कळले नाही.

हे चित्र वळिवडे स्टेशनाच्या भिंतीवर हवे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात २०२२ पासून कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या, 'विंडरश' जहाजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीचे शिल्प आहे: ठेवणीतले कपडे घातलेले आईवडील आणि मूल, पायाखाली सुटकेसांचा ढीग. रोजच्या वर्दळीत ते लोकांना दिसते. आपल्या कलापुरात तर आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचा वारसा आहे, चित्रकलेची महाविद्यालये आहेत. रेल्वेने भिंत द्यावी, मुलांनी रंगवावी, खाली त्या माणसांचेच शब्द मराठी, सिंधी आणि पोलिश भाषेत लिहावेत. मोर आणि घोषवाक्यांसाठी दुसऱ्या भिंती पुष्कळ आहेत. आणि भाकरी घेऊन आलेल्या वळिवडेकरांनाही त्या चित्रात जागा द्यावी, त्यांची नावे मिळोत न मिळोत.

छावणीत आलेले तेव्हाचे मूल आज नव्वदीच्या आसपास असेल. म्हणून रंगाच्या आधी वही-पेन घेऊन निघायला हवे. वळिवडे ग्रामपंचायत आणि गांधीनगरच्या व्यापाऱ्यांनी येत्या उन्हाळी सुट्टीत कॉलेजच्या मुलांना घरोघरी पाठवावे. त्या आजोबांच्या दुकानापर्यंत मी स्वतः त्यांना घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर