रविवारची जेट बोट नदीफेरी : सर्व सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वायमाकारिरी नदीवर, बोटी पाण्यात उतरवायच्या नेहमीच्या रॅम्पवर जमायचे आहे. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला तर फेरी रद्द. शनिवारी रात्री कळवू.

नव्या सभासदांसाठी थोडे : बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या आयरिशमन क्रीक इथे, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी जेट बोट, म्हणजे पाणी आत ओढून त्याचा झोत मागे फेकत चालणारी बोट, घडवली. पुढे १९६२ मध्ये बोटवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या शाखा देशभर आहेत आणि नद्या सर्वांना खुल्या राहाव्यात म्हणून त्या झटतात. वर्गणी वेळेवर भरा ती यासाठी.

• बोटीत प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवेच, लहान मुलांना मापाचे.
• उजवी बाजू धरा. वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला वाट द्यायची.
• घाबरून एकदम थ्रॉटल सोडू नका. झोत थांबला की बोट वळत नाही.
• इनटेकची (पाणी आत ओढणाऱ्या तोंडाची) जाळी तपासा. मागच्या फेरीत माझ्या जाळीत अंगठ्याएवढा गोटा अडकला आणि बोटीचा जोरच गेला.
• डिडिमो शेवाळ एका नदीतून दुसरीत जाऊ नये म्हणून बोट आधीच तपासून, धुऊन, कोरडी करून आणा. यात सवलत नाही.

येणाऱ्यांनी नावे शुक्रवारपर्यंत द्या.