जुनी गाडी विकायला काढलेल्या मित्रास

पुणे,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. स्विफ्टची जाहिरात टाकल्यापासून तुझ्यामागे लागलेल्या चौकश्यांचे वर्णन आमच्या घरात मोठ्याने वाचले गेले. 'गाडी आहे का?' एवढेच विचारून कायमचे गप्प होणारे, रविवारी अकराला येतो म्हणून सांगून फोन बंद ठेवणारे आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तुझ्या दारात येऊन, चहा घेऊन, 'आम्ही खरं तर डिझेल बघतोय' असे जाता जाता सांगणारे, हे सगळे माझ्या ओळखीचे आहेत, कारण उन्हाळ्यात मी वॅगन-आर विकली तेव्हा यांचीच पुण्यातली भावंडे मला भेटली होती. मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस, 'आता जो पहिला पैसे घेऊन दारात उभा राहील त्याच्या हातात किल्ली देऊन मोकळा होतो', ते वाचून कोणालाही हसू आले नाही. हे उत्तर मुख्यतः त्या एका वाक्यासाठी आहे.

असल्या गिऱ्हाइकांपायी वाया गेलेल्या संध्याकाळी भरून निघतात. पण त्यांच्यामुळे माणूस जेरीस येतो, आणि जेरीस आलेला माणूस पडेल त्या भावाला तयार होतो, कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जावर, सही करून देतो, अर्ध्या पैशांवर गाडी सोडतो. ते मात्र पुढे वर्षानुवर्षे निस्तरावे लागते. तेव्हा ही मंडळी आपल्याला जेरीस आणूच शकणार नाहीत अशी व्यवस्था आधी लावली पाहिजे, आणि ती फारशी अवघड नाही.

मोबाइलवरून निरोप टाकायला कोणाला काही पडत नाही, म्हणून निरोप येतात. हे लोक बहुधा लबाड नसतात. कोणी सहा महिन्यांनी गाडी घेणार असतो आणि सध्या बाजार काय चालला आहे ते पाहत असतो, कोणाला स्वतःचीच स्विफ्ट विकायची असून तुझ्याकडून अंदाज घ्यायचा असतो, तर कोणाला नुसताच गाड्यांचा नाद असतो. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मी एक पथ्य पाळले, ते असे, की समोरच्याने स्वतः थोडी तसदी घेतल्याशिवाय आपण पुढचे पाऊल टाकायचे नाही. प्रत्येक निरोपाला एकच ठरलेले उत्तर द्यायचे: गाडी आहे, सगळा तपशील आणि फोटो जाहिरातीत आहेत, संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान फोन करा. घेणारा फोन करतो. बाकीचे इथेच गळतात, आणि तुला कोणाशी कटू बोलावेही लागत नाही. अर्थात त्यासाठी जाहिरात पूर्ण हवी. साल, महिना, किलोमीटर, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, टायर कधी बदलले, कर्जाचा बोजा आहे की उतरवला, आणि डाव्या दाराला दोन वर्षांपूर्वी झालेले डेंटिंग-पेंटिंग, हे सगळे त्यात लिही. दोष आधीच लिहिला की तोच दाखवून दारात उभ्या उभ्या किंमत पाडणाऱ्याची बोलती बंद होते.

फोनवर 'कोठून बोलता?' आणि 'गाडी कोणाच्या नावावर करायची?' एवढे जरूर विचार. तुमच्याकडे निपाणी, बेळगावकडून फोन येणारच. त्यांना पहिल्याच बोलण्यात सांग, की गाडी एम.एच. ०९ पासिंगची आहे, ती कर्नाटकात नावावर करायची तर इकडच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला काढावा लागेल आणि तिकडचा कर वेगळा भरावा लागेल. ज्याने याचा विचारच केलेला नाही, तो गाडी पाहून, चालवून, घासाघीस करून झाल्यावर हे कळताच 'विचार करून सांगतो' म्हणणार आहे. मग तो विचार त्याने निपाणीत बसूनच का करू नये? गाडी कर्ज काढून घेणार का, हेही विचारायला संकोच करू नकोस. कर्ज काढणारा वाईट गिऱ्हाईक नव्हे, पण बँकेचे मूल्यांकन आणि मंजुरी होईपर्यंत तुला थांबावे लागेल, हे तुला आधी ठाऊक असावे.

आता 'लास्ट किती?' या प्रश्नाविषयी. न पाहिलेल्या गाडीची शेवटची किंमत फोनवर सांगणारा मनुष्य स्वतःशीच घासाघीस करत असतो. तू चार लाखांचे पावणेचार सांगितलेस, की ते पावणेचार प्रत्यक्ष भेटीत सुरुवातीची किंमत होतात आणि तेथून पुन्हा खाली उतरायचे असते. 'गाडी पाहा, चालवा, पसंत पडली तर समोरासमोर बोलू' याच्या पलीकडे फोनवर एक शब्द बोलू नये. सध्या या प्रश्नाला एक नवी पुस्तीही जोडली जात असेल. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला आणि तो येत्या २२ तारखेपासून लागू होतो आहे. तेव्हा नवीच स्वस्त झाली तर तुमची जुनी त्या भावाने कोण घेणार, असे तुला ऐकवले जाईल. खरे सांगायचे तर या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. म्हणून तुझ्या गाडीइतक्याच जुन्या गाड्या आता कोणत्या भावाने निघतात ते शांतपणे पाहून किंमत एकदाच काय ती उतरव आणि जाहिरातीत तसे लिहून टाक. एकदा असे केलेस, की मग जीएसटीचा दाखला देणाऱ्या प्रत्येकाला पाच-दहा हजार सोडण्याचे कारण उरत नाही.

पितृपंधरवड्याचेही तसेच. 'पक्ष संपला की बघू' असे म्हणणारे दोघे सारखे नसतात. खरोखर घेणारा आत्ता येऊन गाडी बघून जातो, कागद तपासतो, आणि ताबा तेवढा घटस्थापनेनंतर किंवा दसऱ्याला मागतो. त्याच्या श्रद्धेचा मान राखावा, त्यात तुझे काही जात नाही. ज्याला गाडी नुसती पाहायलाही सर्वपित्री उलटावी लागते, त्याचे नाव वहीत टिपून ठेव आणि त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबवू नकोस.

दलालांची गोष्ट निराळी आहे. 'माझ्याकडे पार्टी तयार आहे, फक्त फायनल सांगा' असे म्हणणारा, किंवा 'भावासाठी घ्यायची आहे' म्हणत आरसी बुकाचा फोटो मागणारा, बरेचदा गाड्यांची खरेदी-विक्री करणाराच निघतो. धंदा करणे गैर नाही; पण तो घरगुती गिऱ्हाईक म्हणून बोलतो तेव्हा तुझा वेळ खातो. कधी कधी एकाच संध्याकाळी निरनिराळे आवाज जवळजवळ एकच पडेल किंमत सांगतात आणि आपल्यालाच वाटू लागते की आपली गाडी तेवढ्याच लायकीची असावी. मला तो योगायोग वाटत नाही. दलालालाच द्यायची असेल तर उघडपणे दे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी वर तशी नोंद करता येते, म्हणजे त्यानंतरची जबाबदारी त्याच्याकडे जाते. अधिकारपत्र नाही आणि 'फॉर्मवर सही करून ठेवा, नाव मी नंतर टाकतो' असे कोणी म्हणाला, तर बोलणे तिथेच संपव.

गाडी पाहायला कोणालाही थेट दारात बोलावू नकोस. दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी, तुझ्या सोयीच्या वेळी बोलाव; आणि दोघातिघांना लागोपाठच्या वेळा दे, म्हणजे एक जण आलाच नाही तरी तुझी फेरी फुकट जात नाही, शिवाय दुसरा येऊन उभा आहे हे पाहिल्यावर पहिल्याचा 'बघतो, सांगतो' जरा आवरतो. निघण्यापूर्वी तासभर आधी त्यानेच फोन करावा असे ठरव. फोन आला नाही तर घरातून बाहेर पडू नये. कोल्हापुरात आलेल्या माणसाला चहा न विचारता परत पाठवणे तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, पण चहा गाडी पाहून झाल्यावर. चालवायला देण्याआधी वाहन परवाना बघ, तू शेजारी बस, रस्ता तू ठरव. जागा बदलताना इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात घालत जा. ज्याला स्विफ्ट हायवेला शिरोलीच्या पुढे नेऊन 'पिकअप बघायचा' आहे, त्याला बहुधा तेवढेच बघायचे असते.

एक मात्र लक्षात ठेव, कारण वैतागलेल्या विक्रेत्याच्या हातून खरा घेणारा निसटतो तो इथे. जो बॉनेट उघडून बराच वेळ आत डोके घालतो, मेकॅनिकला घेऊन येतो, पुढच्या वेळी वडिलांना आणि त्याच्या पुढच्या वेळी बायकोला आणतो, सर्व्हिसच्या पावत्या मागतो आणि प्रत्येक बारीक ओरखड्याला नाव ठेवतो, तो वेळ खातो आहे असे वाटते. पण तोच घेणारा असतो. आपल्याकडे पहिली गाडी हा एकट्याचा निर्णय नसतो आणि जुनी गाडी घेताना फसण्याची भीती त्याला तुझ्यापेक्षा अधिक असते. त्याला हवा तेवढा वेळ दे. उलट, पाच मिनिटांत 'गाडी एकदम टकाटक आहे, आपलीच समजा' असे म्हणून गेलेला मनुष्य पुन्हा दिसेल याची खात्री मी देणार नाही.

पसंती झाली की विसार घे, भले तो पाच हजारांचा असो, आणि कागदावर चार ओळी लिही: ठरलेली किंमत, बाकीची रक्कम कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या तारखेला व्यवहार न झाल्यास विसाराचे काय. 'शब्द दिला ना, दुसऱ्याला दाखवू नका' एवढ्यावर गाडी अडवून ठेवायची नाही.

ठकांविषयी थोडेच लिहितो, कारण ते ओळखायला सोपे आहेत. स्वतःला सैन्यातला म्हणवणारा, दूरच्या ठिकाणी नेमणूक असल्याचे सांगणारा, ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवणारा आणि गाडी न बघताच पैसे द्यायला निघालेला मनुष्य तुला क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील' असे सांगेल. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. असे काही घडलेच तर लागलीच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आता तुझ्या त्या 'किल्ली देऊन मोकळा होतो' विषयी. किल्ली दिल्याने माणूस मोकळा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात निकाल दिला आहे. त्यातली गाडी अपघातापूर्वीच हातोहात विकली गेली होती, पण आरटीओत नोंद मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे तेच टीटी फॉर्म, पूर्ण भरून, घेणाऱ्याचे नाव लिहूनच सही कर. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद त्याच्या सहीनिशी ठेव. आधारच्या प्रतीवर 'केवळ या गाडीच्या हस्तांतरासाठी' असे आडवे लिही. तुझी गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटी, बसवून घे, आणि थकलेली ई-चलने आत्ताच भरून टाक, नाहीतर खरा घेणारा आल्यावर तूच त्याचा वेळ खाशील. फास्टॅग बंद कर. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, गाडीचा नसून तुझा आहे, तेव्हा त्याचे पत्र कंपनीकडून मागून घेतलेस तर नव्या गाडीला उपयोगी पडेल.

पैसे बँकेतूनच घे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो. मोबाइलवर आलेल्या संदेशावर किंवा त्याने दाखवलेल्या फोटोवर विसंबू नकोस. स्वतःचे खाते उघडून रक्कम जमा झालेली पाहिल्यावरच किल्ली दे. आरटीजीएस आणि एनईएफटी आता सुटीच्या दिवशीही चोवीस तास चालतात, त्यामुळे 'बँक बंद आहे, गाडी आज नेतो, पैसे सोमवारी' हे ऐकून घेण्याची गरज नाही.

जाहिरातीचा नवा मसुदा मला पाठव, मी एकदा नजर टाकतो. किंमत किती उतरवायची ते वहिनींना विचारून ठरव, त्यांचा अंदाज तुझ्याहून चांगला असतो. आणि गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच शोधून ठेव. खरे गिऱ्हाईक ती पहिल्याच भेटीत मागते.

काकांना व काकूंना माझा नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा,
विनायक