त्या स्टुलाबद्दल, ताई

ताई,

हे तोंडावर सांगायला आले असते तर तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणूनच उघड लिहितेय.

कामाचा पहिला दिवस आठवतो? बटणांचे खण, लेसची रिळं, दोऱ्यांच्या फळ्या असं सगळं तुम्ही मला दाखवलंत. मग मी काउंटरमागे जाऊन उभी राहिले, हात मागे बांधून, सवयीनं. तुम्ही आत गेलात आणि एक लाकडी स्टूल उचलून आणलंत. त्याचा एक पाय आखूड होता. तुम्ही पुठ्ठ्याची घडी करून त्याखाली सारलीत, स्वतः बसून पाहिलंत, डुगडुगत नाही याची खात्री केलीत. "हे तुझं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बस. असेल आणि पाय दुखत असतील तरी बस, बोलणं बसूनही होतं." एवढं बोलून तुम्ही हिशेबाच्या वहीत डोकं घातलंत.

दुपार टळेपर्यंत मी बसले नव्हते. मला वाटलं, ही परीक्षा आहे. बसले की कुणीतरी येऊन नाव लिहून घेईल.

त्याआधी नऊ वर्षं मी कापडाच्या एका मोठ्या दुकानात होते. काचेची दारं, गारेगार हवा, गिऱ्हाइकांना बसायला गुबगुबीत गाद्या. आम्ही बायका अकरा तास उभ्या. भिंतीला टेकलं तरी कॅमेऱ्यात दिसायचं आणि संध्याकाळी बोलावणं यायचं. एकदा ताप असताना मी ठाणांच्या ढिगाआड दोन मिनिटं जमिनीवर टेकले, तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला. पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या, रात्री पिंढऱ्या भरून यायच्या. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. मी तिथल्या मॅनेजरांना ते सांगितलं. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "उभं राहणं जमत नसेल तर घरी बसा." त्या माणसाबद्दल मला आजही राग आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. दिवाळखोरीत नव्हतं ते दुकान. एक स्टूल परवडत नव्हतं असं नाही, आम्ही बसलेल्या दिसणं त्यांना नको होतं.

मध्यंतरी माझ्या मुलीनं मला वाचून दाखवलं, की ब्रिटनमध्ये 1899 साली दुकानात काम करणाऱ्या बायकांना बसायला मिळावं म्हणून कायदा झाला. तीन बायकांमागे निदान एक आसन. 1964 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 120 क्रमांकाच्या करारात लिहिलं, की दुकानांत आणि कचेऱ्यांत पुरेशी आसनं ठेवा आणि ती वापरायची संधीही द्या. हे दुसरं वाक्य मी तिला पुन्हा वाचायला लावलं. ज्यानं कुणी ते घातलं त्याला ठाऊक असणार, की खुर्ची ठेवायची आणि बसू द्यायचं नाही हेही होतं. आपल्याकडे केरळात दुकानांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं लढून 2018 साली बसण्याचा हक्क कायद्यात आणला, 2021 साली तमिळनाडूतही तो आला. त्या बायकांना मी ओळखत नाही, पण त्यांच्या पिंढऱ्या कशा ठणकत असतील ते मला पुरेपूर माहीत आहे.

तुम्हाला यातला एकही कायदा कुणी दाखवला नव्हता, ताई. तुम्हाला समोर एक दमलेली बाई दिसली.

आणखी एक गोष्ट राहिलीय. त्या चिडलेल्या बाई आल्या होत्या, आठवतात? मी बसूनच बटणांचा खण पुढे केला तर त्या तुम्हाला म्हणाल्या, "ही बसूनच राहणार का? उठून दाखवता येत नाही?" माझ्या पोटात गोळा आला, मी उठायला लागले. तुम्ही वहीतून मान वर केलीत. "त्या बसूनच दाखवतात. तुम्हाला काय हवंय ते त्यांना सांगा." एरवी तुम्ही मला अगं-तुगं करता, धाकटी बहीण असल्यासारखं, आणि ते मला आवडतं. पण परक्यासमोर तुम्ही "त्या" म्हणालात. नऊ वर्षांत तिथे मला कुणी "त्या" म्हटलं नव्हतं. त्या बाई काही न घेता निघून गेल्या. तुम्ही मला त्याबद्दल एक शब्दही बोलला नाहीत. मी रात्री घरी जाऊन रडले.

मंदीच्या दिवसांतही माझा पगार ठरल्या तारखेला हातात पडला. तुमची स्वतःची ओढाताण मला गल्ल्यावरून दिसत होती. म्हणून हे वाचणाऱ्यांना मला हात जोडून सांगायचंय, की मोठ्या दुकानातली सूट बघून धावताना ती कुठून निघते ते विचारा. मी होते तिथली थोडीफार आमच्या पायांतून निघत होती. खरेदीला गेलात की काउंटरमागे नजर टाका. तिथे बसायला काही आहे का? आणि त्यावर कुणी बसलेलं दिसतं का? दिसलं तर तिथूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी घासाघीस करू नका आणि मालकाला सांगून या, की हे बघून आम्ही इथे आलो. लहान दुकानाचा मालक एका गिऱ्हाइकाच्या अशा शब्दावर आठवडाभर तग धरतो. तुमचा चेहरा मी पाहिलाय ना.

भली माणसं अजून आहेत. ती गवगवा करत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत, आणि मग आपणच म्हणत सुटतो की जगात चांगुलपणा उरला नाही. मीही नऊ वर्षं तेच म्हणत होते.

स्टुलावरची गादी आता पार चेपलीय, एका कोपऱ्यातून कापूस डोकावतोय. मी घरी नवी शिवायला घेतलीय, तुमच्याच दुकानातल्या निळ्या लेसची किनार लावून. लेसचे पैसे मी गल्ल्यात टाकलेत, ते परत करू नका. आणि गाद्या दोन शिवतेय, ताई. वही घेऊन तुम्ही दिवसभर त्या कडक खुर्चीत बसता, ते मी रोज बघते.

तुमची,
काउंटरमागची