उद्यमनगरच्या मिस्त्रीकाकांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाडीची पेट्रोलगळती थांबली. पूर्ण थांबली. फोनवर मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि लगेच मामांच्या गुडघ्याची चौकशी सुरू केलीत. आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणाऱ्या मराठी माणसांना कळू दे की कोल्हापुरात तुमच्यासारखा कारागीर आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. माझी गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मी राहतो ऑक्सफर्डजवळ, आणि ही गाडी बनली तो अ‍ॅबिंग्डनचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर होता. १९६२ ते १९८० या काळात तिथून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. १७९८ सीसीचं इंजिन आणि त्याला शेजारी शेजारी दोन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पुरवणारी यंत्रं), एसयू कंपनीचे, एचएस४ जातीचे. त्यातला मागचा गळायला लागला.

ही गळती साधी नव्हती. या इंजिनात पेट्रोल आत घेणारा मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड, दोन्ही एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटरमधून निसटलेला थेंब खाली जातो तो तापलेल्या एक्झॉस्टच्या दिशेने. मध्ये पत्र्याची ढाल असते, पण तिच्या भरवशावर घरच्यांना गाडीत बसवणं मला मान्य नव्हतं. इथल्या एका गॅरेजने सल्ला दिला की दोन्ही एसयू काढून टाका आणि त्यांच्या जागी वेबर कंपनीचा एकच कार्बोरेटर बसवा. तसं करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या गाड्या छान पळतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कारखान्यातून आलेली वस्तू दुरुस्त होते का हे न बघताच ती फेकायची, हे मनाला पटेना.

मामा म्हणाले, "आमच्या मिस्त्रींना विचार." त्यांची अँबॅसॅडर तुम्ही तीस-एक वर्षं चालती ठेवलीत. फोनवर मी बॉनेट उघडून दाखवलं आणि तुम्ही क्षणभर बघून म्हणालात, "अरे, ही तर आपल्या अँबॅसॅडरची धाकटी बहीण की!" अक्षरशः खरं होतं ते. अँबॅसॅडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, ऑक्सफर्डमधल्या काउली कारखान्याची. तिच्यात पुढे जे १४८९ सीसीचं इंजिन आलं, तेही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीजचंच, आणि माझ्या गाडीचं इंजिन त्याच घराण्यातलं मोठ्या मापाचं. काउली आणि अ‍ॅबिंग्डन यांच्यात जेमतेम दहाबारा किलोमीटरचं अंतर. उत्तरपाड्यात बनलेल्या आणि कोल्हापूर-रत्नागिरीच्या घाटात घासलेल्या टॅक्स्यांवर तुमचा हात तयार झाला, आणि तोच हात माझ्या गाडीच्या कामी आला.

तुमचं पहिलं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय: "आधी कुठनं गळतंय ते बघ, मग पान्याला हात लाव." त्याच्यामागोमाग दुसरी ताकीद, काम करताना बॅटरीची तार काढून ठेवायची आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे लपलेल्या असतात. तिथे हात घालायचा कंटाळा मी करणार हे ओळखल्यासारखं तुम्ही दर वेळी विचारायचात, "तार काढलीस न्हवं?"

मग तुम्ही जे केलंत ते मला अजून नवलाचं वाटतं. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवायला लावलीत आणि फोन गाडीच्या मागच्या चाकाजवळ धरायला सांगितलात. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप तिथेच असतो. तो टिकटिकत राहिला. तुम्ही ऐकत राहिलात. "चेंबर भरलं की पंपानं गप बसायला पाहिजे. हा थांबत न्हाई, म्हणजे पेट्रोल निघून चाललंय." हजारो किलोमीटर दूर बसून, गाडीला हात न लावता, कानाने निदान! मागच्या कार्बोरेटरची ओव्हरफ्लोची नळी ओली निघाली. त्याच्या फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या छोट्या भांड्याच्या, झाकणाचे तीन स्क्रू काढले. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, कानाजवळ हलवायला सांगितलात, तर आत पेट्रोल डुचमळत होतं. तुम्ही तो स्वच्छ पुसून, विस्तवापासून दूर, गरम पाण्यात बुडवायला लावलात आणि सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले. फ्लोट आतून भरून जड झालेला, त्यामुळे तो वर तरंगून पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह बंदच करत नव्हता.

नवा फ्लोट आणि नवी नीडल आणली. लेव्हल कशी जुळवायची ते तुम्ही शिकवलंत: झाकण उलटं धरायचं, फ्लोट आपल्या वजनाने टेकू द्यायचा, आणि त्याची पट्टी व झाकणाची कड यांच्या फटीत चार मिलिमीटरच्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी जेमतेम सरकली पाहिजे. कमीजास्त असेल तर पट्टी हलक्या हाताने वाकवायची. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये १/८ ते ३/१६ इंच दिलंय. तुमची दांडी बरोबर त्याच्यात बसते.

इथे कोणीही समाधान मानलं असतं, कारण ओव्हरफ्लोची नळी कोरडी झाली होती. तुम्ही मानलं नाहीत. पुन्हा पंप ऐकलात. टिकटिक मंदावली होती, पण थांबली नव्हती. तुम्ही सगळा कार्बोरेटर पुसून कोरडा करायला लावलात आणि खालून खडूची पूड उडवायला सांगितलीत. पुडीवर ओला डाग उमटला तो फ्लोट चेंबरच्या तळाशी, जिथे जेटकडे (जिथून पेट्रोल हवेत मिसळतं त्या तोटीकडे) जाणारी नायलॉनची बारीक नळी शिरते तिथे. आतलं रबर दगडासारखं झालं होतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इतक्या जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. आता मी ५ टक्केवालंच भरतो, थोडं महाग पडतं, पडू दे.

नवं रबर बसवताना तुम्ही जे बजावलंत ते मला कुठल्याच चित्रावरून नीट उमगलं नसतं. नळीचं टोक रबराच्या पुढे पाच मिलिमीटर आलंच पाहिजे आणि नट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडासाच आवळायचा. जास्त आवळला तर रबर चेपून पुन्हा गळणार. त्यानंतर किल्ली फिरवली. पंप काही ठोके देऊन गप्प झाला. तुम्ही तरीही फोन ठेवू दिला नाहीत. कार्बोरेटरमधला पिस्टन बोटाने वर उचलून सोडायला लावलात, तो "टक" असा स्वच्छ वाजून खाली बसतो का ते ऐकलंत, आणि मगच म्हणालात, "हां. आता जेव जा."

तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, काका. काकी मागून हाका मारत होत्या, मी ऐकत होतो. तुम्ही एकदाही "उद्या बघू" म्हणाला नाहीत. पैशांचं विचारलं तर रागावलात. तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाच्या भाच्याकडून पैसे घेत नाही म्हणालात.

तुम्हाला आवडेल म्हणून एक गोष्ट सांगतो. एसयूची कंपनी १९१० साली ज्या स्किनर बंधूंनी काढली, त्यांच्या घरचा धंदा बूट-चपलांचा. सुरुवातीच्या एसयूमध्ये आजच्यासारखा धातूचा पिस्टन नव्हता, चामड्याचा भाता होता. कोल्हापूरच्या माणसाला या कार्बोरेटरची नाडी का सापडते, याचं कारण मी मनाशी हेच ठरवून टाकलंय.

मामांच्या हाती एक छोटी पेटी पाठवतोय. त्यात एसयूच्या नीडल, रबरं आणि झाकणाची गॅस्केटं आहेत. इकडे ती अजून नवी बनतात आणि सहज मिळतात. तिकडे अँबॅसॅडरवाले तुमच्याकडे येतात तेव्हा सुटे भाग शोधत तुम्हाला किती फिरावं लागतं, हे मामांनी सांगितलं. लागतील ते भाग वापरा आणि संपले की बिनधास्त कळवा, लगेच पाठवीन.

आणि एक काम उरलंय. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का ते रबरी नळी कानाला लावून ऐकायचं तुम्ही म्हणाला होतात. मला पुढच्याची फुसफुस थोडी मोठी वाटते. रविवारी तुमच्या दुपारी चारला फोन करतो. त्याआधी बॅटरीची तार तपासून ठेवीन.

काकींना नमस्कार.

आपला,
ऑक्सफर्डचा भाचा