मोडाचं सगळंच पीठ भाजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाच्या वरच्या आहाराविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. नाचणीला मोड का आणायचे, याचं उत्तर त्यात 'पौष्टिकता वाढते' एवढ्यावरच आटोपलंय. जन्मभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे राहवलं नाही.

दाण्यात साठवलेलं पिष्ट कोंबाला वापरता यावं म्हणून मोड येताना अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं. पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडायच्या, हे त्याचं काम; त्या तुटल्या की घट्ट पेज पातळ होते. आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसातही अमायलेज असतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो त्यामुळेच. तान्ह्या बाळाच्या स्वादुपिंडातून मात्र ते पहिले काही महिने अगदीच कमी येतं. (१८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 'डायस्टेज', म्हणजे हेच विकर, वेगळं काढलं, तेही मोड आलेल्या बार्लीतूनच.)

परवा आठ महिन्यांच्या नातीसाठी नाचणीची पेज केली. चमचा उभा राहील इतकी घट्ट. गॅस बंद करून, बोट जेमतेम टेकवता येईल एवढी निवू दिली आणि मोडाच्या नाचणीचं चमचाभर न भाजलेलं पीठ त्यात ढवळलं. दहा मिनिटांत पळीवरून धार पडायला लागली, पाणी थेंबभरही न घालता! एरवी पेज पातळ हवी म्हणून आपण पीठ कमी घालतो आणि त्या एवढ्याशा पोटात नुसतं पाणी जातं. पातळ झाल्यावर पेजेला पुन्हा एक उकळी मात्र द्यायलाच हवी, कारण मोडांवर जंतूही वाढतात.

आता तक्रार. लेखात मोडाची नाचणी 'खरपूस भाजून' दळायला सांगितली आहे. खमंगपणा येतो, कबूल. पण त्या आचेवर विकर निकामी होतं. सुनेने आणलेलं भाजक्या पिठाचं पाकीट मी याच रीतीने वापरून पाहिलं. अर्धा तास झाला तरी चमचा उभाच!

भाजायचं ते भाजा, पण उन्हात कडकडीत वाळवलेल्या मोडांचं थोडं पीठ न भाजता वेगळ्या डबीत ठेवा, एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, चिपळूण